कँडल बंद होईपर्यंत

रोजची कँडल बंद व्हायला अकरा मिनिटं राहिली होती. कँडल म्हणजे चार्टवरची दिवसाची एक काडी: उघडता ते बंद भाव ही तिची जाड बॉडी, त्याबाहेर भाव जिथवर गेला ती बारीक विक; उघडत्या भावाच्या वर बंद झाली तर हिरवी, खाली तर लाल. सकाळी 248.5 ला उघडलेला शेअर दुपारी 241 पर्यंत घसरला, तिथून उलटा फिरला आणि आता 251 वर उभा होता. पडद्यावर वरच्या अंगाला लहानशी हिरवी बॉडी, खाली तिच्या तिप्पट लांबीची विक आणि डोक्यावर नावापुरता अर्धा पॉइंट. हॅमर! घसरण संपून भाव वर वळणार असं सांगणारा आकार. तीन आठवडे मी असाच एक हॅमर शोधत होते. शेअर पंधरा दिवस पडत आलेला आणि तळाशी हा हातोडा. मी 251 ला खरेदी केली आणि समाधानाने खुर्चीला पाठ टेकवली.

त्या अकरा मिनिटांत भाव 243.5 वर आला. कँडल बंद झाली तेव्हा तिथे 248.5 वरून 243.5 पर्यंतची पाच पॉइंटांची साधी लाल बॉडी होती, वर तीन पॉइंटांची विक, खाली अडीच पॉइंटांची. हॅमरने मला फसवलं असं मी पुढचे कित्येक दिवस सांगत फिरले. खरं तर हॅमर तयारच झाला नव्हता. मी अर्धवट भाजलेली वीट भिंतीत बसवली होती आणि दोष विटेला देत होते.

स्टॉप लॉस, म्हणजे ठरलेल्या भावाखाली आपोआप विकायची ऑर्डर, लावला नव्हता. का, तर हॅमर आहे म्हणजे खाली कशाला जाईल! दोन आठवडे धरून ठेवला आणि शेवटी 231 ला विकला.

माझं पोटापाण्याचं काम हिशेब तपासण्याचं. दुसऱ्याच्या वहीत व्हाउचर नसलेली नोंद दिसली की माझं डोकं उठतं. तीच मी, पहिले आठ महिने स्वतःच्या सौद्यांची एक ओळही लिहिली नव्हती. घेतलं, विकलं, फायदा झाला की लक्षात राहिलं, तोटा झाला की विसरले. या आठ महिन्यांत मी पस्तीस-चाळीस पॅटर्नची नावं मात्र तोंडपाठ केली होती.

त्या नावांचाही एक नाद असतो. डोजी, मारुबोझू, हरामी. पहिल्यांदा मी धाकट्या भावाला सांगितलं, "आज चार्टवर हरामी आलाय," तर तो म्हणाला, "ताई, बाजाराला शिव्या देऊन काय होणार?" जपानीत हरामीचा अर्थ गरोदर. मोठ्या कँडलच्या पोटात मावलेली छोटी कँडल. डोजी म्हणजे जिचा उघडता आणि बंद भाव जवळपास एकच, अशी कँडल. मारुबोझू म्हणजे गुळगुळीत डोक्याचा, कारण त्या कँडलला विकच नसते. हॅमरला जपानी लोक ताकुरी म्हणतात, म्हणजे पाण्याचा तळ चाचपून पाहणं. हे शब्द इतके चपखल आहेत की त्यांच्यामागे काहीतरी गूढ ज्ञान असणार असं वाटायला लागतं. मला तरी वाटलं होतं.

त्यात भर इतिहासाची. ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे चालत आणि 1730 मध्ये त्यांना सरकारी मान्यता मिळाली. साकाता गावचा तांदळाचा व्यापारी होम्मा मुनेहिसा (1724 ते 1803) याला कँडलचा जनक म्हणतात. तीनशे वर्षं टिकलेली विद्या चुकीची कशी असेल, हा माझा युक्तिवाद. नंतर वाचनात आलं की आज आपण पाहतो तशा कँडल होम्माने काढल्या असं खात्रीने म्हणता येत नाही. त्या बऱ्याच नंतर, मेइजी काळात (1868 ते 1912) घडल्या असं जाणकार मानतात. पश्चिमेकडे तर त्या 1990 च्या आसपास स्टीव्ह निसन यांच्या लिखाणामुळे पसरल्या. म्हणजे मी ज्याला पुरातन समजत होते, त्याचा जगभरातला वापर माझ्याहूनही वयाने लहान निघाला.

पण दोजिमाच्या गोष्टीतली एक बाब कामाची होती आणि ती कळायला मला उशीर झाला. ज्या बाजारात रोजचा व्यवहार बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी नव्याने उघडतो, तिथे रात्रीतून गॅप पडते, म्हणजे भाव मधले आकडे गाळून एकदम वर किंवा खाली उघडतो. मॉर्निंग स्टारची व्याख्याच गॅपवर उभी आहे: मोठी लाल कँडल, मग गॅपने खाली उघडलेली छोटी कँडल, मग वर गेलेली हिरवी. चोवीस तास चालणाऱ्या चलनाच्या बाजारात आठवड्याच्या मधल्या दिवसांत आधीची कँडल जिथे बंद होते जवळपास तिथेच पुढची उघडते. गॅप येणार कुठून? मी दोन महिने चलनाच्या चार्टवर मॉर्निंग स्टार शोधत होते आणि गॅपची अट नकळत सोडून देत होते. म्हणजे नाव तेच, वस्तू वेगळी. एन्गल्फिंगचंही, म्हणजे आधीच्या कँडलची बॉडी पूर्ण गिळणाऱ्या कँडलचंही, तेच. शेअरमध्ये कँडल आधीच्या बंद भावाच्या खाली उघडून आधीच्या उघडत्या भावाच्या वर बंद होते, तेव्हा बाजाराने एका दिवसात खरोखर कोलांटी मारलेली असते. सलग चालणाऱ्या बाजारात मात्र नुसती मोठी हिरवी कँडल आली तरी ती एन्गल्फिंग ठरते.

याच चोवीस तासांच्या बाजाराने मला आणखी एक झटका दिला. एकाच चलनाच्या जोडीचे दोन चार्ट मी शेजारी शेजारी उघडले होते, दोन वेगवेगळ्या ठिकाणचे. डावीकडे ठसठशीत बुलिश एन्गल्फिंग. उजवीकडे त्याच तारखांना दोन मरगळलेल्या कँडल, एकीचं दुसरीशी काही देणंघेणं नसल्यासारख्या. भाव तेच, तासही तेच. फरक एवढाच की एक चार्ट न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाच वाजता दिवस संपवत होता आणि दुसरा मध्यरात्री. दिवस कुठे तोडायचा हे माणसांनी ठरवलेलं, आणि मी त्या तोडलेल्या तुकड्यांच्या आकारात बाजाराचं मन वाचत होते! काही चार्टांवर रविवारच्या एकदोन तासांची वेगळी कँडल येते, म्हणजे आठवड्याला सहा. ती अर्थातच पिटुकली असते. वहीत नोंदी सुरू केल्यावर मला कळलं, माझ्या पहिल्या अकरा डोजींपैकी चार या रविवारच्या होत्या.

शेअर बाजारात ही अडचण कमी. तिथला बंद भाव खराच बंद भाव असतो. तो ठरताना त्या दिवशी उरलेल्या मालाचं काय करायचं, रात्रभर जोखीम घ्यायची की नाही, हे निर्णय झालेले असतात. म्हणून मी पुढे चलन सोडून शेअरकडे आणि रोजच्या चार्टकडे आले. पाच मिनिटांच्या चार्टवर पॅटर्न जास्त मिळतात हे खरं, पण प्रत्येक सौद्याला खर्च असतो. कँडल जितकी लहान, तितका खर्चाचा वाटा मोठा.

एक फजिती थोडक्यात सांगून टाकते. मध्ये काही दिवस मला हायकिन-आशी चार्टचं वेड लागलं होतं. दिसायला इतका शांत चार्ट, लाल कँडलची लांब रांग, मग हिरव्यांची लांब रांग. त्यावरच्या कँडलचा खालचा भाव बघून मी स्टॉप लावला, आणि खरेदीचा भाव तिच्या बंद भावावरून धरला. ऑर्डर वेगळ्याच भावाला भरली गेली तेव्हा डोळे उघडले. हायकिन-आशीत बंद भाव म्हणजे चारही भावांची सरासरी. त्या भावाला कदाचित एकही सौदा झालेला नसतो.

आता मूळ गोष्टीकडे येते. हॅमर चालतो का?

पहिल्यांदा मी हे तपासलं ते जुने चार्ट मागे सरकवत. उत्तर मिळालं, भलताच चालतो. जिथे जिथे मोठा तळ दिसला, तिथे जवळपास कुठेतरी लांब विक होतीच. भावाने एक साधा प्रश्न विचारला. "तू तळ बघून हॅमर शोधतेस की हॅमर बघून तळ?" मी तळ बघत होते. नजर आपोआप वळणावर जायची आणि मग तिथे काय होतं ते पाहायचं. ज्या हॅमरनंतर काहीच झालं नाही, शेअर आणखी दहा टक्के पडला, ते हॅमर उताराच्या मधोमध पडलेले होते आणि माझी नजर त्यांच्यावरून घसरत होती. पोहता येणारे सगळे पाण्यात उतरलेले असतात, म्हणून पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाला पोहता येतं असं म्हणण्यासारखं होतं ते.

मग मी पडद्याच्या उजव्या बाजूला पुठ्ठा धरला. शब्दशः. सॉफ्टवेअरमध्ये रिप्लेची सोय होती, पण मला हाताने पुठ्ठा सरकवण्यात जास्त प्रामाणिकपणा वाटायचा. एक कँडल उघडायची, हॅमर आहे का ते ठरवायचं, वहीत लिहायचं, पुढची उघडायची. पहिल्याच संध्याकाळी कळलं की हॅमर म्हणजे काय हेच मला माहीत नाही. खालची विक बॉडीच्या दुप्पट हवी, ठीक. पण वरची विक किती चालेल? बॉडी लाल असली तर? आणि त्याआधी मंदी हवी म्हणजे किती? तीन लाल कँडल पुरे की महिनाभराची घसरण? कारण हाच आकार तेजीच्या शेवटी आला तर त्याचं नाव हँगिंग मॅन होतं आणि अर्थ उलटा होतो. आकार एकच, एकदा हातोडा, एकदा फाशी गेलेला माणूस. ठरवणारी गोष्ट डावीकडे आहे, आणि डावीकडे किती लांब बघायचं ते कुणी सांगत नाही.

शेवटी मीच लिहून काढलं. खालची विक बॉडीच्या किमान दुप्पट. वरची विक पूर्ण कँडलच्या एक दशांशापेक्षा जास्त नको. कँडलचा तळ मागच्या वीस कँडलमधला सर्वात खालचा. आणि कँडलची पूर्ण उंची एटीआरपेक्षा कमी नको. हा वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेला मोजमापाचा प्रकार: शेअर रोज सरासरी किती हलतो हे तो सांगतो. जो शेअर रोज सात पॉइंट हलतो, त्यावर दोन पॉइंट उंचीचा हॅमर म्हणजे कुणीतरी जांभई दिली इतकंच. या शेवटच्या अटीने माझे अर्ध्याहून जास्त हॅमर गाळले. माझ्या मते चारही अटींत तीच सर्वात मोलाची, आणि पॅटर्न शिकवणारे लोक नेमकी तीच गाळतात. चित्रात उंची दिसत नाही ना. कागदावर सगळेच हॅमर सारखे छापतात.

दीड महिन्यात 40 हॅमर जमले. स्टॉपला लागण्याआधी जोखमीइतका, म्हणजे खरेदीपासून स्टॉपपर्यंतच्या अंतराइतका, फायदा झाला तर पास, नाहीतर नापास. 24 पास. साठ टक्के! भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, नाणं 40 वेळा उडव. 24 किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता किती असेल?" मी म्हटलं, फारच कमी. त्याने तिथल्या तिथे काढून दाखवलं, साधारण तेरा टक्के. सातआठ जणांनी नाणी उडवली तर त्यातल्या एकाला माझ्याइतकाच आनंद होणार.

मला राग आला. आकडा चूक नव्हता, म्हणून जास्तच आला.

पुढच्या रविवारी तो घरी आला तो दहा कागद घेऊन. दहा चार्ट, नाव नाही, तारीख नाही, भाव नाहीत. "यातले काही खऱ्या शेअरचे आहेत. बाकीचे मी संगणकावर नाणेफेक करून बनवलेत. ओळख." प्रत्येक दिवसात पन्नास पावलं, प्रत्येक पाऊल छापा-काट्यावर वर किंवा खाली, आणि त्या पन्नासांतून उघडता, वरचा, खालचा, बंद भाव. मी अर्धा तास लावला. भाव जिथे टेकून उसळतो तिथे सपोर्ट रेघा मारल्या, पॅटर्नना गोल केले. एका चार्टवर तर इतका सुरेख डबल बॉटम (एकाच पातळीवर दोन तळ) होता, दुसऱ्या तळाला हॅमर आणि पुढच्याच कँडलला एन्गल्फिंग, की मी समासात "इथे खरेदी" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. दहापैकी पाच बरोबर आले माझे. डबल बॉटमवाला चार्ट नाणेफेकीचा होता.

तो कागद मी ठेवून दिलाय, टेबलाच्या खणात वरच.

मी मग अभ्यासकांनी काय केलंय ते शोधलं. मार्शल, यंग आणि रोझ या तिघांनी 2006 मध्ये डाऊ जोन्स निर्देशांकातल्या शेअरवर 1992 ते 2002 या काळातले कँडल पॅटर्न तपासले आणि त्यांच्या जोरावर सौदे करून काही मिळत नाही असं मांडलं. त्याआधी 1998 मध्ये कॅगिनाल्प आणि लॉरेंट यांनी एस अँड पी 500 मधल्या शेअरवर तीन दिवसांचे पॅटर्न तपासले होते आणि त्यांना मात्र त्यांत भाकिताची ताकद दिसली होती. भावाला वाटलं आता मी हे सगळं सोडून देईन. मलाही थोडं तसं वाटलं होतं. पण वही चाळताना एक गोष्ट मला खटकत होती. माझे बहुतेक मोठे तोटे हॅमर चुकल्यामुळे झालेच नव्हते. ते मी कुठे घेतलं आणि कुठे सोडलं त्यातून झाले होते.

ते पहिलं उदाहरणच घेऊ. समजा ती कँडल खरोखर 251 ला बंद झाली असती. तळ 241, स्टॉप त्याच्या किंचित खाली 240.5. वर मागचा अडथळा, म्हणजे जिथून भाव आधी परत फिरला होता ती जागा, 272 च्या आसपास. मी 251 ला घेतलं तर जोखीम साडेदहा पॉइंट, फायदा 21. दोनास एक. असे तीन सौदे केले आणि एकच लागला तरी खर्च सोडून मी जिथल्या तिथे.

आता सगळे सांगतात, कन्फर्मेशनची वाट पाहा. पुढची कँडल हॅमरच्या डोक्यावर बंद होऊ दे, मग घे. ऐकायला शहाणपणाचं आहे आणि मी वर्षभर तसंच केलं. समजा पुढची कँडल 256 ला बंद झाली. आता घेतलं तर स्टॉप तिथेच 240.5, जोखीम साडेपंधरा. फायदा 272 पर्यंत 16. एकास एक. आता जवळपास निम्मे सौदे लागले तरच मी जिथल्या तिथे. कन्फर्मेशन फुकट नसतं, त्याची किंमत याच गुणोत्तरातून वळती होते. वाट पाहून माझा यशाचा टक्का वाढला होता, वहीत तो दिसतही होता, आणि तरी खात्यात काही उरत नव्हतं. वरातीमागून घोडं नाचवलं तर ते पडत नाही हे खरं, पण तोवर मांडवात जेवणंही उरकलेली असतात.

मग मी तिसरा उपाय केला. हॅमर बंद झाल्यावर लगेच घ्यायचं नाही, तळ आणि बंद भाव यांच्या मध्यावर, 246 ला लिमिट ऑर्डर (त्या भावाला किंवा स्वस्त मिळालं तरच घेणारी) लावून ठेवायची. जोखीम साडेपाच, फायदा 26, जवळजवळ पाचास एक! कागदावर स्वर्ग. प्रत्यक्षात झालं असं की जे हॅमर खरोखर उसळले ते मागे वळून आलेच नाहीत, माझी ऑर्डर तशीच पडून राहिली. भरल्या गेल्या त्या ऑर्डरींत ज्यांना पुढे 240 मोडायचंच होतं अशांची गर्दी. स्वस्त मिळालेला माल स्वस्त का मिळाला हा प्रश्न भाजीवाल्याला विचारायची सवय असते, स्क्रीनला विचारायचं राहून जातं.

या तिन्हींतून गेल्यावर कँडलकडे बघण्याची माझी नजर बदलली. आता हॅमर दिसला की तो वर जाणार का, हा प्रश्न मी जवळजवळ विचारतच नाही. मी विकचं टोक बघते. तिथे बाजार गेला होता, आणि तिथून कुणीतरी त्याला परत उचललं. 241 च्या खाली भाव पुन्हा गेला तर ते उचलणारे हात आता नाहीत, एवढं मला कळतं, आणि मी तिथे असण्याचं कारण संपतं. हा एक आकडा कँडल मला देते. बाकीचं गणित त्या आकड्यावरून मागे येतं. एका सौद्यात खात्याच्या एक टक्क्याहून जास्त जोखीम घ्यायची नाही असं ठरवलंय. खात्यात एक लाख असतील तर जोखीम हजार. साडेदहा पॉइंटांच्या अंतरावर 95 शेअर, साडेपंधराच्या अंतरावर 64. आधी मी उलटं करायचे. किती शेअर घ्यायचे ते मनाने ठरवायचे आणि स्टॉप सोसवेल तिथे लावायचे.

स्टॉपवरही आंधळा विश्वास टाकू नये हे एकदा शिकले. 251 सारख्याच एका भावाला घेतलेला शेअर, स्टॉप साडेदहा पॉइंट खाली, आणि दुसऱ्या सकाळी तो पंधरा पॉइंट खाली उघडला. रात्री कंपनीचा निकाल लागला होता, तारीख आधीपासून जाहीर होती, मी पाहिली नव्हती. स्टॉपच्या भावाला कुणी घेणाराच नव्हता. एक पट ठरवलेला तोटा जवळपास दीड पट झाला. तेव्हापासून सौद्याच्या ओळीत निकालाच्या तारखेचा एक रकाना आहे.

आणखी एक सवय जडली. रोजच्या कँडलवर पॅटर्न दिसला की त्या दिवसाचा पाच मिनिटांचा चार्ट उघडून तो कसा घडला ते पाहते. कँडलमध्ये चारच आकडे असतात आणि मधला प्रवास त्यात सांगितलेला नसतो. एका हॅमरमध्ये भाव सकाळीच तळाला जाऊन दिवसभर पायरी पायरीने वर आलेला असतो, दर उसळीला व्हॉल्यूम वाढलेलं. दुसऱ्यात दिवसभर तळाशी लोळून शेवटच्या वीस मिनिटांत मंदीवाल्यांनी आधी विकलेलं परत घेऊन सौदे गुंडाळले म्हणून वर फेकलेला असतो. रोजच्या चार्टवर दोघे जुळे भाऊ. पहिल्या जातीचे मला आवडतात. हे मी आकड्यांनी सिद्ध केलेलं नाही, नोंदी अजून पुरेशा नाहीत, आणि भाऊ भेटला की त्यावरून डिवचतोच.

कधीकधी एक लांब विक म्हणजे नुसता एक भरकटलेला सौदा असतो. ज्या शेअरमध्ये उलाढाल कमी, तिथे कुणीतरी मिळेल त्या भावाला विकायची मोठी मार्केट ऑर्डर टाकली, समोर घेणारे नव्हते, एक सौदा सहा टक्के खाली झाला आणि पुढच्या क्षणी भाव जागेवर. चार्टवर देखणी विक. पाच मिनिटांचा चार्ट उघडला की तिथे एकच काडी दिसते. असे हॅमर मी आता नावासकट खोडते.

वहीला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात नुसता आकार बघून घेतलेले सौदे खर्च जाता शून्याच्या जरा खाली आहेत. चारही अटी पाळून, निकालाची तारीख पाहून, किमान दोनास एक मिळत असेल तरच घेतलेले सौदे शून्याच्या वर आहेत, पण ते आहेत 31. नाण्याचा हिशेब मी आता स्वतः करू शकते, आणि 31 वर तो मला गप्प बसवतो.

परवाची गोष्ट. पुन्हा तसाच दिवस, पुन्हा शेवटची दहाबारा मिनिटं. वीस दिवसांतला तळ, खाली लांब विक, एटीआरच्या दीडपट उंची. हात माउसकडे गेला होता. मी वही उघडली आणि ओळ भरायला घेतली: तळ, स्टॉप, वरचा अडथळा. वरचा अडथळा जवळ होता. दीडास एकही मिळत नव्हतं. कँडल बंद झाली, या वेळी खरोखर हॅमर होऊनच बंद झाली. मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तो गॅपने वर उघडला आणि अडथळा ओलांडून गेला. भावाचा संध्याकाळी फोन. "घेतलास का गं ताई?"

"नाही."

"मग? हळहळतेयस?"

हळहळत होतेच. वहीच्या शेवटी "न घेतलेले" असा एक भाग आहे, त्यात मी तो लिहिला. भाव, तारीख, कारण, आणि घेतला असता तर काय झालं असतं तेही. त्या भागात आतापर्यंत 53 ओळी झाल्यात. त्यांची बेरीज मी अजून केलेली नाही. येत्या रविवारी भाऊ आला की दोघं मिळून करू, पुठ्ठा बाजूला ठेवून.